हायड्रॉलिक तेल टाकून देण्याआधी: टाकीतलं तेल शुद्ध करून पुन्हा वापरायची पद्धत

मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या माणसासमोर पहिल्या वर्षभरातच हा प्रश्न येतो. प्रेसच्या टाकीतलं तेल काळपट दिसतंय, बदलायचं की राहू द्यायचं? विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. "वर्ष झालंय, बदलून टाक" हे एक आणि "मशीन चालतंय ना, मग कशाला हात लावतोस" हे दुसरं. पहिलं ऐकलं तर चांगलं तेल भंगारात जातं, दुसरं ऐकलं तर पंप जातो. खरं उत्तर तेलाच्या नमुन्यात असतं आणि ते वाचायला शिकणं फार अवघड नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हायड्रॉलिक तेल मुख्यतः तीन कारणांनी खराब होतं: कचरा, पाणी आणि उष्णता. कचरा आणि पाणी तेलात शिरलेलं असतं, ते बाहेर काढता येतं. उष्णतेने मात्र तेल आतूनच बदलतं. त्याचं ऑक्सिडेशन होतं, आम्ल तयार होतं, झीज रोखणारी अ‍ॅडिटिव्ह संपत जातात. हे नुकसान कुठलाही फिल्टर भरून काढत नाही. त्यामुळे तेल वाचवायचं असेल तर ते नुसतं घाण असतानाच वाचवावं लागतं. एकदा जळकट झालं की त्याच्यावर केलेला खर्च वाया जातो.

हे कोणत्या तेलाला लागू आहे

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेलात तर इंजेक्शन मोल्डिंग मशीन, हायड्रॉलिक प्रेस आणि लहानमोठे पॉवर पॅक दिसतात. त्यातल्या बहुतेकांत व्हीजी ४६ किंवा व्हीजी ६८ ग्रेडचं (व्हीजी म्हणजे तेलाच्या जाडपणाचा वर्ग) खनिज तेल असतं: इंडियन ऑइलचं सर्व्होसिस्टम, हिंदुस्थान पेट्रोलियमचं एन्क्लो, कॅस्ट्रॉलचं हायस्पिन, शेलचं टेलस वगैरे. हा लेख अशा तेलाबद्दल आणि साधारण २०० ते १००० लिटरच्या टाक्यांबद्दल आहे.

डाय कास्टिंग मशीनवर आगीच्या भीतीने वॉटर ग्लायकॉल वापरतात. त्याला यातली पाणी काढायची पायरी चुकूनही लावू नका. त्या द्रवात पाणी मुद्दाम घातलेलं असतं, ते काढलं तर आगीपासूनचं संरक्षणच जातं. फॉस्फेट एस्टर या आग सहज न धरणाऱ्या दुसऱ्या द्रवाचंही शास्त्र वेगळं आहे. टाकीत नेमकं काय आहे याची खात्री नसेल तर जुनं बिल किंवा स्टोअरचं रजिस्टर काढून बघा आणि मगच पुढे जा.

पहिली पायरी: मशीनचं तेलकार्ड

प्रत्येक मशीनला एक कार्ड करा. त्यावर तेलाचा ग्रेड आणि ब्रँड, टाकीची क्षमता, तेल भरल्याची तारीख, त्या वेळचं अवरमीटरचं रीडिंग आणि नंतर केलेल्या प्रत्येक टॉप-अपची नोंद असू द्या. टॉप-अपची नोंद बहुतेक ठिकाणी नसते आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त बोलते. एखाद्या मशीनला महिन्याला २० लिटर तेल लागत असेल तर आधी गळती शोधायला हवी. तेल शुद्ध करायचा विषय त्यानंतरचा.

नवीन तेलाच्या बॅरलमधून एक नमुना काढून ठेवण्याची सवयही आताच लावा. पुढे रिपोर्ट आला की तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडतो, तेव्हा हा नमुना कामाला येतो.

दुसरी पायरी: घाण कुठून येते ते बंद करा

उघड्या दारातून धूळ येत असताना झाडू मारण्यात अर्थ नसतो, तसंच इथे आहे. टाकीच्या झाकणावर ब्रीदर असतो. सिलिंडर बाहेर जातो तेव्हा टाकीतली पातळी उतरते आणि टाकी बाहेरची हवा ओढते. सिलिंडर आत आला की ती हवा बाहेर जाते. दिवसभर हा श्वास चालू असतो. ब्रीदरची जाळी फाटलेली असेल किंवा झाकणच गायब असेल तर शॉपफ्लोअरची सगळी धूळ तेलात उतरते. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ही धूळ म्हणजे वाळू असते. वाळूचा कण पंपाच्या पोलादाला सहज ओरखडे काढतो.

पावसाळ्यात याच हवेतून ओलावा येतो. रात्री टाकी थंड झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात आणि तेलात पडतात. यावर साधा उपाय म्हणजे सिलिका जेलचा ब्रीदर. त्यातल्या दाण्यांचा रंग बदलला की बदलायचा. जून ते सप्टेंबरमध्ये तो लवकर भरतो, त्या हिशेबाने स्टोअरला आधीच सांगून ठेवा.

आणखी दोन वाटा तपासा. सिलिंडरच्या रॉडवरचा वायपर सील झिजला असेल तर रॉड प्रत्येक फेरीला धूळ आत ओढून आणतो. ऑइल कूलरची नळी फुटली असेल तर कूलिंग टॉवरचं पाणी थेट तेलात येतं. तेल अचानक दुधाळ झालं तर सगळ्यात आधी संशय कूलरवर घ्या.

बाहेर ठेवलेल्या बॅरलचीही हीच गोष्ट. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा तापून आणि रात्री निवून बॅरल श्वास घेतं, आणि बूच घट्ट असलं तरी पाणी आत ओढलं जातं. बॅरल छपराखाली ठेवा. जागा नसेल तर आडवं ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं फिरवा.

तिसरी पायरी: नमुना

चुकीच्या नमुन्याचा रिपोर्ट कितीही चांगल्या लॅबचा असला तरी उपयोगाचा नाही, आणि नवी माणसं सर्वांत जास्त चुकतात ती इथेच. ड्रेन प्लग उघडून घेतलेला नमुना म्हणजे तळाचा गाळ. महिनाभर बंद पडलेल्या मशीनचा नमुना म्हणजे वरचं निवळलेलं तेल. मशीन किमान अर्धा तास चाललेलं असावं, तेल कामाच्या तापमानाला आलेलं असावं, आणि नमुना रिटर्न लाइनवरच्या फिल्टरच्या आधीच्या सॅम्पलिंग पॉइंटवरून घ्यावा. असा पॉइंट नसेल तर हातपंपाने टाकीच्या मधल्या उंचीवरून तेल ओढा. प्रेशर लाइन सैल करून बाटली धरण्याचा विचारही करू नका. दाबाखाली सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. वरून नुसता टिपका दिसतो आणि आतून बोट सडतं. असं कधी झालंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना "दाबाखालचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

बाटली लॅबकडूनच मागवा. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. पहिलं अर्धा लिटर तेल वेगळ्या डब्यात सोडून द्या आणि मग बाटली पाऊण भरा. पूर्ण भरली तर लॅबला ती नीट हलवता येत नाही. वर मशीनचा नंबर, तारीख, तास आणि तेलाचा ग्रेड लिहा.

लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत जागेवर तीन गोष्टी करून बघा. थोडं तेल पारदर्शक काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. तळाला पाणी किंवा गाळ बसतो का, वरचं तेल पारदर्शक होतं का, हे सकाळी दिसतं. नव्या तेलाशेजारी धरून वास घ्या, करपट वास लगेच कळतो. तिसरी तडतड चाचणी: साधारण १५० अंशांना तापवलेल्या प्लेटवर एक थेंब टाका. तडतडला आणि बुडबुडे आले तर तेलात पाणी आहे. हे करताना चष्मा लावा. तेल शांत राहिलं म्हणून पाणी नाहीच असं मात्र समजू नका, थोडं पाणी या चाचणीत कळत नाही.

चौथी पायरी: रिपोर्ट वाचणे

सगळा निर्णय इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

चिकटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी. व्हीजी ६८ याचा अर्थ ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोक, आणि त्यात १० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ६१.२ ते ७४.८. व्हीजी ४६ साठी ४१.४ ते ५०.६. आकडा याच्या खाली आला तर कोणीतरी पातळ तेल किंवा सॉल्व्हंट मिसळलंय. वर गेला तर ऑक्सिडेशन झालंय किंवा जाड तेलाचा टॉप-अप झालाय. दोन्ही गोष्टी फिल्टरने सुधारत नाहीत.

आम्लांक, रिपोर्टमध्ये याला टॅन म्हणतात. एकक मिलिग्रॅम केओएच प्रति ग्रॅम. झीज रोखण्यासाठी झिंक घातलेल्या नव्या तेलाचाच टॅन शून्य नसतो, अर्ध्याच्या आसपास किंवा थोडा जास्तही असू शकतो. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका, नव्या तेलाच्या तुलनेत किती वाढला ते बघा. अर्ध्याने वाढला की लक्ष ठेवायचं, एकाने वाढला की तेलाचा निरोप घ्यायची तयारी करायची.

पाणी. खनिज हायड्रॉलिक तेलात साधारण २०० ते ३०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) पाणी विरघळून राहतं आणि तोवर तेल पारदर्शकच दिसतं. त्यापुढे ते धुरकट होतं, आणखी वाढलं की दुधाळ. ५०० पीपीएम ही बहुतेक ठिकाणी धरली जाणारी वरची मर्यादा आहे. आकडे लहान वाटतात, पण ४०० लिटरच्या टाकीत १००० पीपीएम म्हणजे जवळपास ३५० मिलिलिटर पाणी. लॅबला कार्ल फिशर पद्धतीने मोजायला सांगा.

कणांची मोजणी. आपल्याकडे बोलताना "नास सात", "नास नऊ" असं म्हणतात. ते नास १६३८ या जुन्या पद्धतीचे वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाला कण दुप्पट होतात: वर्ग ७ मध्ये १०० मिलिलिटर तेलात ५ ते १५ मायक्रॉनचे ३२,००० कण चालतात, वर्ग ८ मध्ये ६४,०००. नव्या रिपोर्टवर आयएसओ ४४०६ प्रमाणे १८/१६/१३ असा तीन आकड्यांचा कोड येतो. ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण एका मिलिलिटरमध्ये किती, हे ते तीन आकडे सांगतात. इथेही एक आकडा वाढला की कण दुप्पट. म्हणजे पहिला आकडा १७ चा २१ झाला तर कण चारने वाढलेले नसतात, सोळा पट झालेले असतात.

लक्ष्य काय ठेवायचं ते मशीनमधला सगळ्यात नाजूक भाग ठरवतो. सर्व्हो व्हॉल्व्ह असेल तर १६/१४/११, प्रपोर्शनल व्हॉल्व्ह असेल तर १७/१५/१२, साधे डायरेक्शनल व्हॉल्व्ह आणि व्हेन किंवा पिस्टन पंप असेल तर १८/१६/१३ च्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने नास ७. नुसता गिअर पंप असलेला जुना पॉवर पॅक २०/१८/१५ लाही तग धरतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. साधारण ४० मायक्रॉनच्या खालचं माणसाला दिसत नाही, आणि सर्व्हो व्हॉल्व्हच्या स्पूलभोवतीची, म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याभोवतीची फट १ ते ४ मायक्रॉनची असते. त्यामुळे बाटली उजेडात धरून "तेल क्लीन आहे" असं म्हणण्याला काही आधार नाही. रंगाचंही तसंच आहे. गडद झालेलं तेल चिकटपणात आणि आम्लांकात उत्तम निघू शकतं, आणि सोन्यासारखं दिसणारं नवं तेल बॅरलमधून थेट काढलं तर बहुतेकदा नास ७ ला नापास होतं. म्हणूनच नवं तेलसुद्धा फिल्टरमधूनच टाकीत भरायचं.

शेवटी धातूंचे आकडे. सिलिकॉन वाढलं तर बहुधा धूळ. तांबं वाढलं तर पंपातले ब्राँझचे भाग किंवा कूलरची नळी. लोखंड म्हणजे झीज किंवा गंज. पाण्यासोबत सोडियम वाढलं असेल तर ते पाणी टॉवरचं किंवा कूलंटचं आहे. कॅल्शियम अचानक दिसू लागलं तर कोणीतरी इंजिन ऑइलने टॉप-अप केलंय. झिंक आणि फॉस्फरस नव्या तेलापेक्षा बरेच खाली गेले असतील तर झीज रोखणारं अ‍ॅडिटिव्ह संपत आलंय.

पाचवी पायरी: ठेवायचं की काढायचं

चिकटपणा मर्यादेत, आम्लांक फारसा वाढलेला नाही, झिंक शाबूत, पण कण आणि पाणी जास्त: हे तेल वाचवायचंच. शुद्ध केलं की ते पुढे कित्येक हजार तास काम देतं.

चिकटपणा बाहेर गेलेला, आम्लांक चढलेला, करपट वास, दुसऱ्या तेलाची भेसळ: यापैकी काहीही असेल तर काढून टाका. इंजिन ऑइलची भेसळ विशेष वाईट, कारण त्यातली डिटर्जंट पाण्याला तेलात धरून ठेवतात आणि मग ते पाणी सहजासहजी वेगळं होत नाही.

मधल्या अवस्थेत काही जण अर्धं तेल काढून अर्धं नवं भरतात. आम्लांक थोडासाच वाढला असेल तर हे चालतं. गाळ आणि वार्निश (ऑक्सिडेशनमधून बनणारा चिकट थर) धरलेल्या टाकीत मात्र नव्या तेलाचं आयुष्य जुनं तेल खाऊन टाकतं, तिथे हा मार्ग धरू नका.

सहावी पायरी: फिल्टर कार्टने तेल फिरवणे

फिल्टर कार्ट म्हणजे चाकांवरचा छोटा पंप, मोटर आणि एक किंवा दोन फिल्टर. विकत घ्यायला जमत नसेल तर भाड्याने किंवा सर्व्हिस म्हणून मिळतो. घेताना एलिमेंटवर नुसतं "१० मायक्रॉन" लिहिलंय यावर समाधान मानू नका, बीटा रेशो विचारा. १० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे दोन कण आले की एक पलीकडे जातो. बीटा १००० म्हणजे हजारातला एक जातो. दोन्हींच्या खोक्यावर १० मायक्रॉनच छापलेलं असतं. खूप घाण तेलाला आधी १० मायक्रॉनचा स्वस्त एलिमेंट लावून मोठा कचरा काढा आणि मग ३ किंवा ५ मायक्रॉनचा लावा, नाहीतर महागडा एलिमेंट तासाभरात चोक होतो.

जोडणी अशी करा. कार्टचा सक्शन होज टाकीच्या एका टोकाला, तळापासून थोडा वर. डिलिव्हरी होज दुसऱ्या टोकाला, तेलाच्या पातळीखाली. दोन्ही होज जवळजवळ ठेवले तर तेच तेल गोल फिरत राहतं. डिलिव्हरी वर लोंबकळत ठेवली तर तेलात हवा मिसळून फेस होतो. टाकीला कायमची क्विक कपलिंग बसवून घेतलीत तर दर वेळी झाकण उघडावं लागत नाही. ज्या होजमधून कधी इंजिन ऑइल किंवा कूलंट गेलंय तो वापरू नका. हायड्रॉलिकच्या होजला वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवली तर रात्रपाळीतही गोंधळ होत नाही.

तेल ४० ते ५० अंशांना असताना फिरवा. गार तेल जाड असतं, फिल्टरवर दाब वाढतो आणि बायपास व्हॉल्व्ह उघडतो. मग तेल एलिमेंटला वळसा घालून जातं, कार्ट दिवसभर चालतो आणि काहीच गाळलं जात नाही. नागपूर-नाशिकच्या थंडीत सकाळी हे हमखास होतं. म्हणून मशीन चालवून तेल गरम झाल्यावर कार्ट लावा. चालू मशीनवर लावला तरी हरकत नाही, उलट बरंच, कारण पाइपांत आणि सिलिंडरमध्ये अडकलेली घाणही टाकीत येते.

किती वेळ फिरवायचं? गाळलेलं तेल त्याच टाकीत परत येऊन न गाळलेल्या तेलात मिसळतं. त्यामुळे टाकीएवढं तेल एकदा फिल्टरमधून गेलं तरी सुमारे ३७ टक्के तेल फिल्टरला शिवलेलंच नसतं. सात फेऱ्यांनंतर हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली येतं, म्हणून सात फेऱ्यांचा नियम. टाकी ४०० लिटरची आणि कार्ट मिनिटाला २० लिटरचा असेल तर एक फेरी २० मिनिटांची आणि सात फेऱ्या म्हणजे २ तास २० मिनिटं. हा कमीत कमी वेळ समजा, तेल फार घाण असेल तर पूर्ण पाळी लागते. डिफरन्शियल गेजवर, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा लाल पट्ट्यात गेला की एलिमेंट बदला. आणि सुरुवातीपासून काटा हललाच नाही तर बायपास उघडा राहिलाय किंवा एलिमेंट फाटलाय का ते तपासा.

एक इशारा. काही ठिकाणी आम्लांक खाली आणण्यासाठी फुलर्स अर्थ, म्हणजे मुलतानी मातीच्या जातीचा फिल्टर सुचवतात. ट्रान्सफॉर्मर तेलाला ते योग्य आहे. झिंक अ‍ॅडिटिव्ह असलेल्या हायड्रॉलिक तेलातून मात्र ती माती आम्लासोबत अ‍ॅडिटिव्हही शोषून घेते. रिपोर्टवर आम्लांक सुंदर दिसतो आणि पंप झिजायला मोकळा होतो. त्याला नाही म्हणा.

सातवी पायरी: पाणी काढणे

सुटं पाणी तळाला बसतं. आठवड्याच्या सुट्टीनंतर मशीन सुरू करण्याआधी ड्रेन कॉक हळूच उघडा, पाणी जाऊ द्या, तेल दिसू लागलं की बंद करा. फुकटचा उपाय आहे आणि पावसाळ्यात प्रत्येक आठवड्याला करण्यासारखा आहे.

तेलात मिसळलेलं थोडं पाणी पाणी शोषणाऱ्या एलिमेंटने निघतं. तो कार्टवरच बसतो, पण त्याची भूक लहान असते. कूलर फुटून पाच-दहा लिटर पाणी शिरलं असेल तर एलिमेंटवर एलिमेंट बदलत बसाल. तिथे सेंट्रिफ्यूज (तेल गरगर फिरवून जड भाग वेगळा करणारं यंत्र) किंवा व्हॅक्यूम डिहायड्रेशन युनिट बोलवा. सेंट्रिफ्यूज सुटं पाणी आणि जड गाळ झटपट काढतो, विरघळलेलं पाणी त्याला निघत नाही. व्हॅक्यूम युनिट तेल ६० अंशांच्या आसपास तापवून व्हॅक्यूममध्ये पातळ थरात पसरवतं. ७०० मिलिमीटर पाऱ्याच्या व्हॅक्यूमला पाणी साधारण ४२ अंशांनाच उकळतं, म्हणून तेल न करपता पाण्याची वाफ निघून जाते. विरघळलेलं पाणीही यात बरंच खाली येतं. ऑपरेटरने घाईपोटी हीटर ८०-९० अंशांवर नेला तर थांबवा. ६० अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना तेलाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा हिशेब शुद्ध करतानाही लागू आहे.

सर्व्हिसवाला तेल बाहेर नेऊन साफ करून आणतो म्हणाला तर शक्यतो नको म्हणा. तुमच्या टाकीशेजारी, तुमच्या डोळ्यांसमोर काम करणारा बघा. बाहेरून परत आलेल्या तेलात आणखी कोणाकोणाचं तेल आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

वार्निश

भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी व्हॉल्व्ह चिकटतो, सोलेनॉइड जळतो, आणि दुपारनंतर सगळं सुरळीत चालतं. असं वारंवार होत असेल तर वार्निशचा संशय घ्या. तेलाच्या ऑक्सिडेशनमधून निघालेला हा चिकट पदार्थ गरम तेलात विरघळलेला असतो आणि थंड झाल्यावर स्पूलवर बसतो. एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असल्याने साध्या फिल्टरला तो सापडत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक क्लीनर वापरतात. त्याला पाणी सोसत नाही, म्हणून सातवी पायरी आधी उरकावी लागते. त्याचा प्रवाह अगदी कमी असतो, मशीनवर कित्येक दिवस लावून ठेवावा लागतो. हे काम तज्ज्ञ सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या.

आठवी पायरी: टाकी

तळाला बोटभर गाळ असेल तर नुसतं तेल फिरवून भागत नाही. तेल गाळत गाळत स्वच्छ बॅरलमध्ये काढा, मशीनची वीज बंद करून कुलूप लावा, अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवून ठेवणारी बाटली) असेल तर त्यातला तेलाचा दाब सोडा आणि गेज शून्यावर आल्याशिवाय पाना लावू नका. टाकी पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे पंपाच्या सक्शनला जाऊन बसतात. धागे न सुटणारं कापड घ्या. शेवटचा बारीक कचरा उचलायला घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे उत्तम. वीजकेंद्रांत टर्बाइनच्या तेलटाक्या आजही अशाच साफ करतात. गोळा दाबत फिरवायचा, काळा झाला की टाकून नवा घ्यायचा, आणि टाकी बंद करण्याआधी कणकेचा कण कुठे राहिला नाही ना हे बॅटरी मारून बघायचं. सक्शन स्ट्रेनर काढून धुवा, रिटर्न फिल्टर नवा घाला, मग तेल कार्टमधूनच परत भरा.

या कामासाठी लोक दिवाळीच्या शटडाउनची वाट बघतात. टाकी उघडायला दिवाळी ठीक आहे. पण पाणी शिरतं ते जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणून एक नमुना ऑगस्टमध्ये काढाच. दिवाळीपर्यंत थांबलात तर पाण्याने तोवर गंज धरवलेला असतो.

नववी पायरी: पुन्हा वापरात

शुद्ध केल्यानंतर लगेच एक नमुना पाठवा, आणि मशीन महिनाभर चालल्यावर दुसरा. पहिला नमुना काम नीट झालं का ते सांगतो. दुसरा सांगतो की घाण शिरायची वाट बंद झाली की नाही. महिन्यात आकडे पूर्ववत झाले असतील तर दुसऱ्या पायरीकडे परत जा, तिथे काहीतरी राहून गेलंय. दोन्ही रिपोर्ट तेलकार्डाला जोडा. पुढे तीन-चार रिपोर्ट एकाखाली एक आले की त्या मशीनची चाल तुम्हाला समजायला लागते, आणि मालकाला फिल्टर कार्टचं कोटेशन दाखवताना तेच कागद बोलतात.

मशीनखालच्या ट्रेमध्ये गळून साचलेल्या तेलाचं काय? ते परत टाकीत ओतायचा मोह आवरा. त्यात स्लाइडवे ऑइल, ग्रीस, कूलंट, फरशी धुतलेलं पाणी असं सगळं असतं. कण आणि पाणी निघेल, मिसळलेलं दुसरं तेल निघणार नाही. फक्त हायड्रॉलिक तेलच पडेल असा वेगळा, झाकलेला ट्रे केला असेल तरच ते तेल वेगळ्या बॅरलमध्ये साठवा, नमुना तपासा आणि गाळून टॉप-अपला वापरा.

जे वाचलं नाही ते

निकामी तेल, चोक झालेले एलिमेंट, तेलकट चिंध्या आणि टाकीतला गाळ घातक कचऱ्यात मोडतात. घातक व इतर कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेलं तेल पहिल्या अनुसूचीत ५.१ या नोंदीखाली येतं. कारखान्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन असावं लागतं आणि त्यात ही नोंद आहे का ते बघून घ्या. साठवणूक सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंत, छपराखाली, गळती अडवणारा कठडा असलेल्या जागेत. बॅरलवर फॉर्म ८ चं लेबल, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये.

रोख पैसे देऊन काळं तेल उचलणारा माणूस दारात येतो. ते तेल पुढे स्लॅबच्या शटरिंगला लागतं किंवा भट्टीत जळतं, आणि त्यातले धातू मातीत आणि हवेत जातात. त्याला दिलेलं तेल कागदावर तुमच्याच नावाने राहतं. मंडळाची परवानगी असलेल्या री-रिफायनरलाच द्या. तिथे व्हॅक्यूम डिस्टिलेशनने त्याचं पुन्हा बेस ऑइल होतं, म्हणजे तुमच्या टाकीत जे वाचू शकलं नाही त्याचाही उपयोग होतो. गाळ, एलिमेंट आणि चिंध्या तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, जे तुमच्या भागाला जोडलेलं असेल तिथे पाठवा. माल उचलताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, भरून घ्या, त्याची प्रत फाइलला लावा, वजन तुमच्या रजिस्टरशी जुळतंय का ते बघा. वर्षाचं विवरणपत्र म्हणजे फॉर्म ४ मंडळाकडे ३० जूनपर्यंत जायला हवा, आणि त्यात लिहायचे आकडे याच मॅनिफेस्टवरून येतात.